तेहतिसावा रकाना

(पडद्यावर: तपकिरी चामडं, काळ्या शाईच्या ओळी. कॅमेरा उजवीकडून डावीकडे सरकतो.)

उजवीकडून डावीकडे वाचायचं. ही हिब्रू आहे.

चामड्याचे सतरा तुकडे शिवून केलेली ही गुंडाळी सात मीटरांहून लांब आहे. तिच्यात चोपन्न रकाने आहेत आणि यशया संदेष्ट्याचा ग्रंथ जवळजवळ अखंड. मृत समुद्राकाठी, कुमरानच्या गुहेत, १९४७ च्या सुमारास ती बदाऊनी मेंढपाळांच्या हाती लागली. लिहिली गेली ती येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी.

आपण तिचा एकच रकाना पाहणार आहोत. तेहतिसावा.

वरच्याच ओळींत बाबिलोनच्या बंदिवासातल्या यहुदी लोकांना दिलासा आहे: एक वाणी पुकारते अरण्यात परमेश्वराची वाट तयार करा.

स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्ह नाही. मग थांबायचं कुठे? ‘पुकारते’पाशी की ‘अरण्यात’पाशी?

हिब्रू कवितेत पुढची ओळ बहुधा आधीच्याच ओळीचा अर्थ नव्या शब्दांत सांगते. इथली पुढची ओळ आहे: वाळवंटात आमच्या देवासाठी राजमार्ग सरळ करा. म्हणजे अरण्य वाटेचं आहे, वाणीचं नाही.

पण यहुद्यांनी स्वतःच केलेल्या जुन्या ग्रीक भाषांतरात, दुसऱ्या ओळीतलं ‘वाळवंटात’ गळलं. तोल गेला. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांनी ग्रीक वळण घेतलं आणि अरण्य वाणीकडे आलं. ती वाणी कोणाची? उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणाऱ्या, टोळ आणि रानमध खाणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची. घरात मराठी बायबल असेल तर यशया ४०:३ आणि मार्क १:३ शेजारी ठेवून वाचा.

(पडद्यावर: कुमरानचे उजाड कडे.)

कुमरानच्या मंडळींनी, म्हणजे इथल्या यहुदी पंथानं, मात्र वाट अरण्यातच धरली, आणि खरोखर इथे येऊन राहिली. त्यांच्या नियमावलीत हेच वचन आहे. वाट म्हणजे काय, तेही तिथे सांगितलंय: मोशेच्या नियमशास्त्राचं अध्ययन. योहान जिथे बाप्तिस्मा देई ती यार्देन नदी इथून फार लांब नाही. योहान यांच्यातलाच, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटतं.

आता थोडं खाली.

(पडद्यावर: दोन ओळींमधल्या जागेत कोंबलेली बारीक अक्षरं, पुढे समासात उभी उतरलेली.)

‘गवत सुकतं, फूल कोमेजतं.’ हे शब्द इथे लागोपाठच्या दोन वचनांत येतात. नकलकाराची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर राहिला. नक्कल करणाऱ्या कुणाचंही होतं तसं. नंतर दुसऱ्या कुणीतरी तो भरून काढला. देवाचं चार अक्षरी नाव आलं तिथे त्यानं अक्षरं लिहिली नाहीत, चार ठिपके दिले.

गंमत पुढे आहे. ग्रीक भाषांतरातही नेमका हाच मजकूर नाही. म्हणून नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात हे वचन येतं ते आखूड रूपात: गवत सुकतं, फूल गळतं, पण प्रभूचं वचन सर्वकाळ टिकतं. आणि त्याला लागूनच पत्रलेखक सांगतो, तुम्हाला ऐकवलेली सुवार्ता ती हीच.

(पडद्यावर: चार ठिपके.)