कपाशी, नाका आणि 'मंग रस्ता कोन बांधी?'

बसा बसा, मागचे पुढे या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखल्यात म्हणे, पण निवडणूक लांब आहे, कुणी येणार नाही. (हशा)

विषय पत्रिकेवर छापलाच आहे. सरकार मोठं का असावं याची जी कारणं सांगतात, त्यांना लिबर्टेरियन, म्हणजे सरकार कमीत कमी असावं असं मानणारे लोक, काय उत्तर देतात. चार कारणं, चार उत्तरं, पाऊण तासात होईल असं ठरवून आलोय. पण आधी जरा कापसाचं बोलू द्या, अमळनेरात येऊन कपाशीवर न बोलता गेलो तर शेवभाजी न खाता गेल्यासारखं होईल.

त्याच्याही आधी एक तक्रार, ती आपल्याच माणसांबद्दल. कुणी म्हणालं सरकार पाहिजे, की आमचे लिबर्टेरियन मित्र, विशेषतः पुण्याचे तरुण, लगेच फेकतात, 'टॅक्स म्हणजे चोरी'. झालं, चर्चा खल्लास, समोरचा मान हलवतो, घरी जातो आणि होता तसाच राहतो. अरे त्याला विचारा ना की बाबा तू कुठल्या सरकारची बाजू घेतोयस? कारण त्याच्या डोक्यातलं सरकार हुशार असतं, प्रामाणिक असतं, दहाला खुर्चीवर असतं, आणि त्याची तुलना तो करतो पेढीवरच्या खऱ्याखुऱ्या लबाड व्यापाऱ्याशी. व्यापारी खरा घेतलास तर सरकार पण खरं घे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आता कापूस.

पन्नाशीच्या पुढच्यांना सांगायला नको. 1971 चा कायदा, 1972 च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं कापूस फक्त योजनेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. आता कारण खोटं नव्हतं हं, व्यापारी काटा मारायचा, कट्टी लावायचा, पेरणीला उधार दिलेल्या पैशात वेचणीचा कापूस उचलून न्यायचा, आमच्या आजोबांनी हे भोगलंय. सरकार म्हणालं मधला व्यापारी काढतो, हमीभाव देतो, जास्त मिळाले तर वर बोनस. ऐकायला एकदम झकास.

आमचे आबा बैलगाडी घेऊन योजनेच्या खरेदी सेंटरवर जायचे. रांग, रात्र तिथंच, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर सकाळी येणार म्हणजे अकराला. तो कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढायचा, चिमटीत ओढून धागा बघितल्यासारखं करायचा आणि दुसरीकडं बघत ग्रेड सांगायचा. मग एक जण हळूच गाडीजवळ येणार, साहेबांचा चहा राहिलाय. चहा झाला की तोच कापूस एका ग्रेडनं पांढरा! (हशा) आबा म्हणायचे, व्यापाऱ्याशी भांडता तरी यायचं, शेजारच्या पेढीवर जातो म्हणून उठता यायचं, इथून उठून जाऊ कुठं? आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी, तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मिळाला तर नशीब.

बरं, जायला जागा होती, पण चोरून. शिरपूरच्या पुढं बिजासणीचा घाट चढला की मध्य प्रदेशातलं सेंधवा, तिथं जिनिंगवाल्याकडं रोख पैसे, इकडं रावेरवरून बुऱ्हाणपूर. तिकडं भाव बरा असला की रात्री गाड्या निघायच्या, वर कडबा खाली कापूस, राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर ज्याचं त्याला देऊन. आमचे मामा एकदा गेले, येताना नाक्यावर अडवलं, कुठून येताय? म्हणे सोयऱ्याकडं बारशाला गेलो होतो, आणि स्वेटरभर कापूस चिकटलेला. तो नाक्यावरचा म्हणतो, बाळ चांगलंच गोरं दिसतंय! (हशा) स्वतःच्या शेतातला माल, आणि माणूस स्मगलर.

आणि मजा ऐका, ज्या वर्षी योजनेचा भाव बाजारापेक्षा जास्त, त्या वर्षी उलटी गंगा, तिकडचा कापूस इकडं, म्हणजे नाक्याची कमाई दोन्ही बाजूंनी चालू. तोटा सरकारचा, म्हणजे तुमचा माझा. शेवटी 2002 च्या सुमारास एकाधिकार गुंडाळला. बुकॅनन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला 1986 मध्ये नोबेल मिळालं, त्याचं म्हणणं काय, तर सरकारी माणूस खुर्चीत बसला म्हणून संत होत नाही, तोही आपला फायदा बघतो. आबांना हे ग्रेडरनंच शिकवलं होतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. हॉल सरकारी आहे, नऊला लाईट बंद, खासगी असता तर जास्तीचे पैसे भरून बोललो असतो. (हशा) तर चार मुद्दे भराभर.

पहिला, तो तिकडून दादा ओरडलेच, 'मंग रस्ता कोन बांधी, भाऊ?' दादा, तुम्ही धुळे-जळगाव हायवेनं आलात ना? (मोठा हशा) बरं, मस्करी सोडा. सुरतहून तुमच्या अमळनेरपर्यंत रेल्वे आली 1900 च्या सुमारास, ती तापी व्हॅली रेल्वे, खासगी कंपनी. म्हणजे खासगीतून होतच नाही असं नाही. पण समजा रस्ता सरकारनंच बांधावा, मान्य केलं, तर त्यावरून कापूसही सरकारनंच घ्यावा हे कसं निघालं? रस्त्याच्या नावावर नाका पास करून घेतात, तिथं पकडायचं.

दुसरा, काही गोष्टींचे पैसे वसूलच होत नाहीत, उदाहरणार्थ दीपगृह, म्हणून सरकार लागतं. कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1974 मध्ये दाखवलं की इंग्लंडात खासगी लोक दीपगृहं चालवायचे आणि बंदरात जहाजांकडून पैसे घ्यायचे. विरोधक म्हणतात परवाना राजाचाच होता ना, तेही खरं, पुढे.

तिसरा, वर बसलेल्या तज्ज्ञांना जास्त कळतं. हायेक, हाही अर्थशास्त्रज्ञ, त्यानं 1945 ला लिहिलं की माहिती एका टेबलावर गोळा होतच नाही, ती लाखो लोकांत विखुरलेली असते आणि भावातून कळते. डिसेंबर 2023 ला कांदा निर्यात बंद केली, मे 2024 ला उठवली, मधल्या काळात कांदा साठवायच्या चाळीत काय झालं हे नाशिककडच्या उमराण्याच्या शेतकऱ्याला विचारा, दिल्लीला नको.

चौथा सगळ्यात अवघड, गरिबाचं काय? लिबर्टेरियन म्हणजे मरू द्या म्हणणारा, हे खोटं आहे. आमच्याच बाजूचा अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमन, त्यानं 1962 मध्येच सुचवलं की उत्पन्न कमी असेल त्याला सरळ रोख द्या, मधली खाती कशाला. आणि सातपुड्यातल्या आदिवासीला संरक्षण सरकारच देतं असं म्हणतात तेव्हा विचारा, त्याचं जंगल घेतलं कुणी? 1878 चा वन कायदा कुणाचा, सरकारचाच. 2006 च्या वनहक्क कायद्यानं हक्क परत द्यायला लागले तेही सरकारच, आणि जमिनीच्या पट्ट्यासाठी नंदुरबारला खेटे घालतोय कोण, तर ज्याचं जंगल होतं तोच.

लाईट जायची वेळ झाली, प्रश्न खाली चहावर घेऊ, फक्त टॅक्स चोरी आहे की नाही ते सोडून काहीही विचारा.