बॅटऱ्यांचे कंटेनर गावाशेजारी येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दुपारी दोन वाजता आपल्या सोलापूर जिल्ह्यात सौर विजेला तोटा नसतो. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे-पंखे लागतात, आणि नेमकी त्याच वेळी ती संपलेली असते. दुपारची वीज संध्याकाळसाठी धरून ठेवायला आता मोठमोठ्या बॅटऱ्या येत आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सल्ला दिला, की नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या किमान 10 टक्के क्षमतेची, 2 तास पुरेल अशी साठवण तिथल्या तिथेच उभारायला सांगावी. म्हणजे 100 मेगावॉटच्या प्रकल्पाला 10 मेगावॉटच्या बॅटऱ्या. आणि सोलापूर तर विजेचं मोठं जंक्शन. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची, म्हणजे 7 लाख 65 हजार व्होल्टची वाहिनी सुरू झाली, तेव्हा दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. फताटेवाडीला एनटीपीसीचं 1,320 मेगावॉटचं केंद्र आहे. अशा बॅटऱ्यांनी भरलेले मोठे कंटेनर आज ना उद्या आपल्याकडेही येणार, हे धरून चालायला हवं.

ते यावेत, असंच माझं मत आहे. कोळसा कमी जाळायचा आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, तर साठवणीवाचून गत्यंतर नाही. माझं म्हणणं एवढंच, की कुंपणाच्या आत काय आहे आणि ते बिघडलं तर काय करायचं, हे शेजारच्या गावाला आणि अग्निशामक दलाला पहिला कंटेनर उतरण्याआधी माहीत असलं पाहिजे.

या कंटेनरमध्ये लिथियम-आयन सेल असतात, हजारोंनी. एखाद्या सेलमध्ये आत शॉर्ट झालं, तो प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली, की तो तापू लागतो. एका मर्यादेपलीकडे त्याची उष्णता त्याच्याच आत तयार होत राहते, मग शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. इंजिनिअर याला थर्मल रनअवे म्हणतात. कडब्याच्या गंजीला आग लागलेली तुम्ही पाहिली असेल. वरून पाणी मारलं, ज्वाळा गेल्या, तरी आत धुमसत राहतं आणि रात्रीतून पुन्हा पेट घेतं. इथंही तसंच. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला 16 जानेवारी 2025 रोजी मोठं बॅटरी केंद्र पेटलं, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली, आणि विझल्यानंतर फेब्रुवारीत तिथं पुन्हा आग लागली. तिथल्या बॅटऱ्या एका जुन्या इमारतीत, एकाच छताखाली दाटीनं मांडलेल्या होत्या.

पण ज्वाळांपेक्षा मला धास्ती वाटते ती गॅसची. तापलेल्या सेलमधून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी, ज्वलनशील वायू बाहेर पडतात. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये सरप्राइज नावाचं शहर आहे. 19 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी तिथल्या एका लहानशा, 2 मेगावॉटच्या बॅटरी केंद्रातून पांढरा धूर निघू लागला. आतली आग विझवणारी यंत्रणा आपोआप सुरू झाली होती. पण ती ज्वाळांसाठी होती. सेल तापायचे थांबले नाहीत, वायू बाहेर पडतच राहिला, आणि तो निघून जायला वाटच ठेवलेली नव्हती. जवान आले, त्यांनी वाट पाहिली, वायूची पातळी मोजली, आणि काही तासांनी दार उघडलं. बाहेरची हवा आत गेली आणि काही मिनिटांत स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. ते अनुभवी होते, निष्काळजी नव्हते. त्या दारामागे काय साठलंय, हे सांगणारं माहितीपत्रक त्यांच्या हातात नव्हतं.

मी नोकरीची वर्षं सबस्टेशनमध्ये काढली. प्रत्येक सबस्टेशनला एक बॅटरी रूम असते. 110 व्होल्टचा बँक, म्हणजे 2 व्होल्टचे 55 शिसे-आम्लाचे सेल, लाकडी स्टँडवर ओळीनं मांडलेले. त्या खोलीचा एक्झॉस्ट फॅन बंद दिसला की आमचे जुने ऑपरेटर आधी तो सुरू करायचे, मग हायड्रोमीटरला, म्हणजे सेलमधल्या आम्लाची घनता मोजायच्या नळीला हात लावायचे. कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, आणि हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. छोट्या बँकेसाठी जी शिस्त आपण पाळत आलो, तीच शेकडो पट मोठ्या बँकेसाठी मागतोय.

आता विक्रेते सांगतात, की नव्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या आहेत, सुरक्षित आहेत. जुन्या निकेलवाल्यांपेक्षा त्या सहजासहजी पेटत नाहीत, हे खरंच आहे. पण 16 एप्रिल 2021 रोजी बीजिंगमध्ये याच प्रकारच्या बॅटऱ्यांच्या केंद्रात स्फोट होऊन दोन अग्निशामक जवान गेले. एका इमारतीतली आग विझवत असताना दुसऱ्याच इमारतीत तो स्फोट झाला होता.

घाबरवायचा हेतू नाही. अमेरिकेतल्या ईपीआरआय या वीज संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, बसवलेल्या क्षमतेच्या मानाने अशा दुर्घटना 2018 ते 2023 या काळात 97 टक्क्यांनी कमी झाल्या. बिघाड बहुतेकदा सेलमध्ये नसतो, तो जोडणीत, उभारणीत आणि नियंत्रण यंत्रणेत असतो, आणि पहिल्या दोन वर्षांतच डोकं वर काढतो. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ जुलै 2021 मध्ये असंच झालं. चाचणी चालू असताना शीतक द्रव गळला आणि एक युनिट पेटलं. तिथं दोनशेच्या वर युनिट होती, जळाली फक्त दोन, आणि कुणाला इजा झाली नाही. जवानांनी पेटलेलं युनिट जळू दिलं आणि शेजारच्यांवर पाणी मारून ती थंड ठेवली.

हे सगळं आपल्याकडे आणून पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या घरात जातो. धुळीनं कूलिंगचे फिल्टर चोंदतात. त्यात वीज गेली, तर कंटेनर थंड ठेवायला दुसरी सोय आहे का? बंब शहरातून किंवा तालुक्याहून येणार. आणि पाणी? इथं प्यायचं पाणी दिवसाआड मिळालं तरी आपण समाधान मानतो. मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसं गेली. ते दुःख अजून ताजं आहे. आग लागल्यावर तयारी करता येत नाही, हे सोलापूरकरांना मी काय सांगावं.

म्हणून प्रकल्पाचे अधिकारी ना-हरकत मागायला आले, की त्यांना विचारा: यूएल 9540ए चाचणीचा अहवाल दाखवा. एक युनिट पेटलं तर शेजारचं पेटतं का, याची ती चाचणी असते. दोन कंटेनरमध्ये आणि कंटेनरपासून पहिल्या घरापर्यंत, शाळेपर्यंत, गोठ्यापर्यंत किती अंतर, ते नकाशावर मोजून दाखवा. गॅस बाहेर काढायची सोय कोणती? पाण्याची टाकी किती लिटरची? आगीवर मारलेलं पाणी वाहून कुणाच्या विहिरीत, कुठल्या ओढ्यात जाणार? अग्निशामक दलाला आत नेऊन सराव कधी देणार, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस कोण? ही उत्तरं लेखी घ्या. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातं.

आणि कधी धूर दिसलाच, तर बघायला जाऊ नका, मोबाइलवर चित्रण करायला तर मुळीच नको. 112 किंवा 101 ला फोन करा. घरात जा, दारं-खिडक्या लावा, कूलर बंद करा, कारण तो बाहेरची हवा आत ओढतो. घर सोडायला सांगितलं, तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघा. गुरं कुणी सोडायची आणि कुठं न्यायची, हे गावानं आधीच ठरवून ठेवावं.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल, तर अर्ज आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे द्या आणि पोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. अग्निशामक अधिकाऱ्यांनाही त्या सभेचं पत्र द्या. नमस्कार.