आधी आत ढकला, मग ओढा

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आरतीला पाऊण तास आहे. तेवढ्यात आवरायला हवं, नाहीतर मोदक गार झाल्याचं खापर विजेच्या गाडीवर फुटेल. समितीनं मला विषय दिला होता 'विद्युत वाहनांचं भविष्य'. मी म्हटलं, असल्या विषयांसाठी न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करून ठेवली आहे, तिथे मोठी माणसं बोलतात. मी भोसरीत तीस वर्षं स्विच आणि काँटॅक्टर (म्हणजे जास्त वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) तपासत बसलेला माणूस. मला भविष्य कळत नाही. गाडीला अडकलेली गन मात्र सोडवता येते. तेवढंच सांगतो.

गन म्हणजे चार्जिंगच्या केबलचं गाडीत खुपसायचं टोक. हे आपल्या ज्येष्ठांसाठी सांगितलं, कारण मागच्या महिन्यात रात्री अकराला वॉचमन माझ्या दारात येऊन म्हणाला, "काका, बी विंगमध्ये गन अडकलीय, दोघं जण ओढतायत," तेव्हा आमच्या घरात वेगळाच गोंधळ उडाला. मी मात्र 'दोघं ओढतायत' एवढंच ऐकून अनवाणी खाली पळालो.

ओढून ती निघत नाही. निघू नये अशीच केलेली आहे. गाडीच्या चार्जिंग पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. वरच्या अंगाला किंवा कडेला एक बारकं भोक दिसेल. आतल्या छोट्या मोटरनं त्यातून एक दांडी बाहेर येते, साधारण पेन्सिलीच्या जाडीची. गनच्या अंगावर तिच्याच मापाची खाच असते. दांडी खाचेत बसली की 'टक्' असा आवाज येतो, आणि मग तुम्ही पैलवान लावा.

आता तुमच्यापैकी जे वाड्यात वाढले त्यांना एक आठवण करून देतो. पावसाळ्यात दार फुगायचं. कडी लावलेलं दार कुणी बाहेरून ढकलून धरलं असेल तर आतल्याला कडी सरकवता यायची नाही. तो ओरडायचा, "अरे, दार सोड आधी!" दार जरा सैल पडलं की कडी आपोआप सरकायची. गनचं अगदी हेच आहे. तुम्ही ओढता तेव्हा खाचेची कड त्या दांडीवर दाबली जाते. मोटर अगदीच लहान, तिला त्या दाबाखालून दांडी मागे घेता येत नाही. म्हणजे जितकं जोरात ओढाल तितकी कडी तुम्हीच घट्ट धरून ठेवताय.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सातारा रस्त्यावर, शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात शिकलो. कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो. चार्जिंग झालं, स्टॉप केलं, गाडी अनलॉक केली, गन निघेना. मागे दोन गाड्या थांबलेल्या. लगेच सल्लागार जमले. एकानं स्क्रू ड्रायव्हर आणला. दुसरा म्हणाला, खोबरेल तेल सोडा, सुळसुळीत होईल. मी काही ऐकलं नाही, पण ओढत मात्र राहिलो. हे मी, ज्यानं आयुष्यभर कामगारांना 'जोर लावू नका' म्हणून सांगितलं! शेवटी हॉटेलातला भांडी घासणारा पोरगा आला. त्यानं काय करावं? फास्ट चार्जरच्या डीसी गनची ती जाडजूड केबल खाली लोंबत होती, ती त्यानं नुसती खांद्यावर घेतली. वजन उचललं गेलं. "आता गन आत दाबा," म्हणाला, "आणि पुन्हा किल्ली मारा." टक्. निघाली. त्याच्याकडे गाडी नव्हती. रोज बघून बघून त्याला कळलं होतं.

म्हणून पहिली कृती हीच: केबलचं वजन हातात घ्या, गन आत ढकलून धरा, गाडी अनलॉक करा, आवाज ऐका, मग सरळ रेषेत ओढा. डावी-उजवीकडे पिळू नका. बऱ्याच गाड्या अनलॉक केल्यावर थोडा वेळच कुलूप उघडं ठेवतात आणि पुन्हा लावून घेतात. तेव्हा लिफ्टमधून उतरता उतरता किल्ली दाबून उपयोग नाही, गनपाशी उभं राहून दाबा. काही गाड्यांत पोर्टजवळ वेगळं बटण असतं, काहींत स्क्रीनवर जावं लागतं. आणि तेल नको. तेलाला धूळ चिकटते, आणि आत विजेच्या पिना आहेत, सायकलची चेन नाही.

आता तुम्ही विचाराल, कुलूप हवंच कशाला? बहुतेकांना वाटतं केबल चोरीला जाऊ नये म्हणून. तेही आहे. पण खरं कारण ठिणगी.

आपल्या घरातली वीज एसी. ती सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते. चालू प्लग उपटला तरी ठिणगीला शून्यापाशी विझायची संधी मिळते. डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, शून्यावर येतच नाही. एसीचा काँटॅक्टर डीसीवर लावला तर काय होतं हे मी भोसरीत डोळ्यांनी पाहिलंय. टोकं लांब गेली तरी मध्ये निळा जाळ ताणला जातो, च्युइंग गमसारखा. डीसीच्या काँटॅक्टरमध्ये चुंबक बसवून तो जाळ फुंकर मारल्यासारखा बाजूला न्यावा लागतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीच्या तारेखालून. त्या काळानंतरही कित्येक वर्षं घाटात रात्री इंजिनाच्या टपावरून तारेला टेकणाऱ्या पेंटोग्राफपाशी उडणाऱ्या ठिणग्या आपल्यातल्या अनेकांनी खिडकीतून पाहिल्यात. फास्ट चार्जरच्या गनमधून काहीशे व्होल्टची डीसी जाते, शंभर-शंभर अँपियरनं. ती गन चालू प्रवाहात हातानं उपटता आली असती, तर तो जाळ तुमच्या मनगटापाशी झाला असता.

अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या गनला अंगठ्यानं दाबायचा खटका असतो. आपल्याकडे कारला जी गन रूढ झाली ती टाइप टू, जर्मनीच्या मेनेकेस कंपनीचं मूळ डिझाइन, युरोपीय संघानं २०१४ च्या निर्देशात प्रमाण मानलेलं. तिच्यावर खटका नाही, म्हणून कुलपाचं काम गाडीनं अंगावर घेतलं. आपल्याकडच्या चार्जिंगचं एक मानक, एआयएस-१३८, हे वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं प्रसिद्ध केलेलं आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाता ना, त्याच संस्थेच्या कुंपणाशेजारून जाता.

टाइप टू गनच्या तोंडात सात पिना. खालच्या पाच जाड्या: तीन फेज, न्यूट्रल, आणि मधोमध अर्थिंग. वरच्या दोन बारक्या. त्या दोन बारक्यांतच सगळी मजा आहे. त्यातल्या एकीवरून चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात. गन लावलेलीच नसेल तर तिथे १२ व्होल्ट. लावली, पण गाडी अजून घेत नाही, तर ९. गाडीनं 'दे' म्हटलं की ६. हे व्होल्ट सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होतात, आणि चालू किती वेळ राहतात त्यावरून गाडीला कळतं की किती अँपियर घ्यायची मुभा आहे. ५३ टक्के वेळ चालू असेल तर ३२ अँपियर. कुणीही कितीही ताणलं तरी ही बोलायची पिन सगळ्यांत आधी सुटेल आणि अर्थिंगची सगळ्यांत शेवटी, अशी त्यांची लांबी ठेवलेली असते. बोलणं तुटलं की सेकंदाच्या दहाव्या भागात चार्जरनं वीज तोडायची, असा दंडक आहे. मला विचाराल तर या सगळ्या गाडीत मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. बॅटरी वगैरे ठीक आहे.

तेव्हा गन अडकली की मी आधी विचारतो, बोलणं संपलंय का? घरी साध्या सोळा अँपियरच्या सॉकेटवर लावली असेल तर पडद्यावर 'चार्जिंग' दिसतंय का बघा. दिसत असेल तर आधी गाडीकडून थांबवा. ऐकत नसेल तर भिंतीवरचा स्विच बंद करा, एमसीबी पाडा, मिनिटभर थांबा आणि मग अनलॉक करा. पुष्कळदा एवढ्यानं सुटते. बाहेरच्या चार्जरवर अॅपमधून स्टॉप करायचं राहून गेलेलं असतं, किंवा तुमच्या फोनला रेंज नसते. अशा वेळी गाडीच्या पडद्यावरून थांबवता येतं का बघा, नाहीतर चार्जरवर लिहिलेल्या नंबरला फोन करा. ते लाल गोल बटण आग आणि शॉकसाठी आहे. रोजच्या स्टॉपसाठी ते दाबणारे लोक मी पाहिलेत, नंतरचा माणूस येऊन बंद चार्जरसमोर डोकं धरून बसतो.

आणि डीसी थांबवल्यावर लगेच झटू नका. गाडी पोर्टवरचे व्होल्ट साठाच्या खाली उतरेपर्यंत कडी काढत नाही. ते काही सेकंद असतात, पण मागे हॉर्न वाजत असला की युगासारखे वाटतात.

आता वेगळा प्रकार. किल्ली दाबली, दिवे लागले नाहीत, दारं उघडली नाहीत, टक् झालं नाही. लोक म्हणतात, "एवढी मोठी बॅटरी भरलेली असताना गाडी मेली कशी?" मोठी भरलेलीच असते. मेलेली असते ती छोटी, बारा व्होल्टची, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. दारं, पडदा, कुलपाची मोटर, सगळं तिच्यावर. ती उतरली की शेठ घरात पैसे मोजतोय आणि दार उघडायला नोकर नाही, अशी स्थिती. तिला दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीनं जंप दिला की गाडी जागी होते आणि गन सोडते. कुठल्या टोकाला केबल लावायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तिथे अंदाज नको.

आणि मोटरच बिघडली असेल तर दोरी. बहुतेक गाड्यांत आपत्कालीन दोरी किंवा पट्टी दिलेली असते. पोर्ट मागच्या बाजूला असेल तर डिकीच्या आतल्या अस्तरामागे, पुढे असेल तर बॉनेटखाली. ती हळूच ओढली की दांडी हातानं मागे येते. अट एकच, वीज पूर्ण बंद असल्याची खात्री करूनच. कारण ही दोरी गाडीला विचारत नाही, तो ठिणगीचा सगळा पहारा ती ओलांडून जाते. आणि ती बारीक असते. विहिरीचा रहाट ओढल्यासारखी ओढलीत तर हातात येईल.

हे एवढं सगळं मी सांगतोय त्याला एक कारण आहे. २५ जुलै २०२४ आठवतोय? खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत लोकांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. आपलं तळघर तर साध्या पावसातही भरतं, हे सचिव मान्य करतीलच. अशा रात्री गाडी वर काढायला दहा मिनिटं मिळतात. त्यातली आठ गन ओढण्यात गेली तर? म्हणून पार्किंगच्या चार्जरचा मेन स्विच कुठे आहे हे प्रत्येक गाडीवाल्याला आणि दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना माहीत हवं. आधी तो पाडायचा, मग गनला हात. पाणी चार्जरपर्यंत किंवा गनपर्यंत पोचलं असेल तर मात्र तिकडे जायचंच नाही. गाडीचा विमा असतो.

प्रश्न? हां, ताई, बोला.

चोराला ती दोरी ओढता येईल का? नाही, ती डिकीच्या किंवा बॉनेटच्या आत आहे, आणि ते बंद असतं.

मग बारा व्होल्टची बॅटरी उतरली आणि डिकीच विजेवर उघडणारी असेल तर? शाबास. हा प्रश्न मला गाडी घेतल्यावर आठ महिन्यांनी सुचला, तुम्हाला पंधरा मिनिटांत. किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडलेली असते, तिनं ड्रायव्हरचं दार उघडतं. मग मागची सीट पाडायची आणि आतून डिकीत शिरायचं. मी करून पाहिलंय. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, पोटावर सरपटत. आमच्या सौभाग्यवती बाहेरून टॉर्च धरून उभ्या होत्या. अस्तराची खुंटी काढली, दोरी सापडली, मी आनंदानं ओरडलो. त्या म्हणाल्या, "सापडली ना? आता त्याच वाटेनं उलटे या. डिकी उघडत नाहीये."

घंटा वाजतेय, चला.