चालता चालता लॉन मोवर बंद पडतो? दोरी ओढायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, दहा-पंधरा मिनिटं झकास चाललं, अर्धं लॉन कापून झालं आणि मध्येच बंद. अशा वेळी आपण काय करतो? दोरी ओढतो. परत ओढतो. दहादा ओढतो. माझं सांगणं एवढंच आहे, की तेवढं एक मिनिट दोरीला हात लावू नका. दोष कुठे आहे त्याची खूण त्या मिनिटात ताजी असते. इंजिन थंड झालं की ती पुसली जाते, आणि मग मशीन मेकॅनिकसमोर शहाण्यासारखं चालतं.

आधी आठवा, इंजिन गेलं कसं? दिव्याचं बटण बंद करावं तसं खटकन? की आवाज वर-खाली झाला, धापा टाकल्या आणि मग गेलं? खटकन गेलं तर संशय करंटवर. धापा टाकत गेलं तर पेट्रोलवर. हे दर वेळी खरं ठरेलच असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

(कॅमेरा टाकीच्या झाकणाजवळ)

हे झाकण बघा. बऱ्याच मशीनमध्ये यात हवा जायला बारीक वाट असते. टाकीतलं पेट्रोल जेवढं कमी होईल तेवढी हवा आत यायला हवी. गवताचा भुसा आणि तेलकट मळ बसून ती वाट बुजली, की पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग; त्याच्या वाटीत असेल तेवढं संपेपर्यंत इंजिन चालतं, मग बंद. तुम्ही जरा वेळ बसता, तेवढ्यात हवा कुठून तरी झिरपते आणि मशीन परत सुरू होतं. म्हणून बंद पडल्या पडल्या झाकण हळूच सैल करा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि पुढच्याच झटक्याला इंजिनने धरलं, तर चोर सापडला. झाकण साफ करा, नाही जमलं तर बदला. हवा बाहेर आली तर मात्र ती तापलेल्या पेट्रोलची वाफ, तिचा अर्थ वेगळा. आणि इंजिन गरम आहे, त्यावर पेट्रोल सांडू देऊ नका.

मी एकदा एवढ्याशा भोकापायी अख्खा कार्बोरेटर दोनदा खोलला होता. तेव्हापासून माझा हात आधी झाकणावर जातो.

झाकण ठीक असेल तर चोक, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी करायची कळ. इंजिन धापा टाकायला लागलं की चोक अर्धा ओढून बघा. ओढल्यावर इंजिन सावरलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. बहुतेक वेळा जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, कचरा असतो, नाहीतर पेट्रोल जुनं असतं. महिन्याभरापेक्षा जास्त दिवस टाकीत पडलेल्या पेट्रोलवर माझा भरवसा नाही. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही धरतं.

(जवळून: काचेच्या बाटलीत वाटीतलं पेट्रोल)

हे मी आत्ताच वाटीतून काढलं. बाटली तिरकी करतो. तळाशी हे गोल मणी घरंगळताना दिसतायत? ते पाणी. पेट्रोलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं, आणि जेट नेमका तिथूनच ओढतो. असा एक मणी जेटच्या तोंडाशी आला की इंजिन गटांगळी खातं. वाटी पुसून घ्या, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं तर जेट वाया गेला. कार्बोरेटर क्लीनर मारा, वर हवा मारा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

आता खटकन बंद पडणारं इंजिन. इथे पुष्कळदा दोष इग्निशन कॉइलचा असतो, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या भागाचा. कॉइल थंड असताना करंट देते, तापली की सोडते, अर्ध्या तासाने परत देते. म्हणून तपासणी गरम असतानाच करायची. ठिणगी पडते का ते दाखवणारा स्पार्क टेस्टर लावा, प्लग उघडा ठेवून पेट्रोलजवळ ठिणगी पाडू नका. पण कॉइल विकत घ्यायच्या आधी तिच्यापासून निघालेली, इंजिन बंद करायची बारीक वायर बघा. तिचं आवरण घासून ती लोखंडाला टेकत असेल, तर प्रत्येक धक्क्याला इंजिन बंद पडणारच. हँडलवर दाबून धरायच्या दांड्याची केबल सैल असली तरी तेच होतं. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, बऱ्याच इंजिनांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर चालते, तरी मशीनच्या पुस्तिकेत बघून घ्या.

एअर फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, काळा पडला की बदला.

फक्त उंच, ओल्या गवतातच बंद पडतं का? मग इंजिनला दोष देऊ नका. कापायची उंची वाढवा, आणि पात्याभोवती चिकटलेलं गवत काढा. मात्र खाली हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढायची म्हणजे काढायचीच. पातं हाताने फिरलं तरी इंजिन एक झटका घेऊ शकतं. मशीन कलंडवताना कार्बोरेटर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं.

आणि बंद पडल्यावर दोरी नेहमीपेक्षा जड लागली, तर तिथेच थांबा. टोपी काढून पात्यात काही अडकलंय का बघा. नसेल तर तेलाची पट्टी पुसून परत बुडवा. पट्टीवर तेल दिसत नसेल, तर आज गवत कापणं बंद.