कामेटला जायचं, तर आधी रजा मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

हिमालयातल्या मोहिमेचा विषय निघाला की लोक दोर, बर्फकुऱ्हाड, ऑक्सिजन याबद्दल विचारतात. मी आज रजेबद्दल बोलणार आहे. कारण माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच मोहिमा डोंगरावर नाही, घरी कॅलेंडरसमोर बसल्या तेव्हाच फसल्या.

उदाहरण घेऊ कामेटचं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेजवळ, ७,७५६ मीटर उंचीचं हे शिखर उभं आहे. फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, होल्ड्सवर्थ आणि लेवा शेर्पा २१ जून १९३१ रोजी त्याच्या माथ्यावर पोहोचले. त्याआधी माणूस इतक्या उंच शिखरावर कधीच उभा राहिला नव्हता. परतताना या मोहिमेतली मंडळी भ्युंदर खोऱ्यात उतरली आणि फुलांची दरी जगाला ठाऊक झाली.

आपण पुण्याहून निघालो तर ऋषिकेश, जोशीमठ, मलारी करत धौलीगंगेच्या काठाने नीती गावापर्यंत जायचं. नीतीचे लोक हिवाळ्यात खाली उतरतात, उन्हाळ्यात परत वर येतात. १९६२ पर्यंत त्यांचा तिबेटशी व्यापार चालायचा. गावाच्या पुढे खेचरं, भारवाहक आणि आपले पाय. सीमाभाग असल्यामुळे दिल्लीच्या आयएमएफची, म्हणजे इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी आणि इनर लाइन परमिट हवंच, आणि त्याचे कागद काही महिने आधी हलवावे लागतात. सॅटेलाइट फोन मात्र मनाने नेऊ नका. परवानगीशिवाय तो आपल्या देशात गुन्हा आहे.

बेसकॅम्प ४,७०० मीटरच्या आसपास. तिथून वर एकामागून एक कॅम्प लावत मीड्स कॉलपर्यंत, म्हणजे साधारण ७,१०० मीटरच्या खिंडीत पोहोचायचं. ५,५०० मीटरवरच हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा झालेला असतो, तर या खिंडीत काय होत असेल? शरीर तिथे जुळवून घेतं, पण त्याच्या वेळेने. ३,००० मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा वर सामान पोचवून यायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं. हे सगळं मांडलं की माझा हिशेब घरापासून घरापर्यंत चाळीस दिवसांचा होतो. त्यात सहा-सात दिवस निव्वळ तंबूत बसून काढायचे, वारा पडायची वाट बघत.

आणि हेच दिवस सगळे आधी कापतात. मीही कापले होते. काही वर्षांपूर्वी एका सहा हजारी शिखरावर आमची परतीची तिकिटं काढलेली होती, म्हणून विश्रांतीचा दिवस मी रद्द केला. नेता मी होतो, निर्णय माझाच. त्या रात्री ४,९०० मीटरवर आमच्यातला सगळ्यात दणकट गडी खोकायला लागला. आधी वाटलं, कोरडी हवा आहे. मग त्याच्या पाठीला कान लावला, तर आत भात रटरटावा तसा आवाज. फुफ्फुसात पाणी भरायला लागलं होतं. ओठ निळसर, धड बसताही येईना. रात्री अकराला आम्ही त्याला दोन बाजूंनी धरून हेडटॉर्चच्या उजेडात खाली आणायला लागलो. सातआठशे मीटर उतरलो. पहाटे त्याने स्वतःहून चहा मागितला, तेव्हा मी बाजूला जाऊन रडलो. या दुखण्यात आधी उंची सोडायची, बाकी सगळं नंतर. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी बरोबर असावी, पण डॉक्टरांना विचारून, आणि तिच्या भरवशावर दिवस वाचवायला जाऊ नये.

तयारी सह्याद्रीत उत्तम होते. वीस किलोची सॅक घेऊन कळसूबाई, हरिश्चंद्रगड, पुन्हा पुन्हा. पाय आणि खांदे तयार होतात. मात्र कळसूबाई १,६४६ मीटर. विरळ हवेची ओळख इथे होत नाही, त्यामुळे कामेटच्या आधी उत्तरकाशीच्या ‘निम’सारख्या (नेहरू गिर्यारोहण संस्था) ठिकाणचे कोर्स आणि सहा-सात हजार मीटरचं एखादं शिखर गाठीशी असायलाच हवं.

आता शिधा. आमच्या घरी मोहिमेआधी हॉलमधलं सगळं फर्निचर बाजूला सरकतं. फरशीवर एकेका दिवसाची एकेक पिशवी, तिच्यावर मार्करने दिवसाचा आकडा, आणि शेजारी ताणकाटा. वर भूक मरते. चिक्की तोंडात फिरत राहते, गिळवत नाही. मेतकूट-भात मात्र खाल्ला जातो, वर तूप असलं तर नक्कीच. पण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय तांदूळ शिजत नाही. आणि रॉकेल किंवा गॅस मोजताना लोक फक्त स्वयंपाक धरतात. खरं इंधन जातं बर्फ वितळवण्यात. माणशी चार लिटर पाणी रोज, आणि पातेलंभर भुसभुशीत बर्फाचं पाणी होतं तळाला वाटीभर.

निघायच्या आदल्या रात्री मी एक कागद फ्रीजवर चिकटवतो. कोणत्या तारखेला कुठे असू, जोशीमठहून पहिला फोन कोणत्या आठवड्यात येईल, आणि कुठल्या तारखेपर्यंत आला नाही तर कोणाला कळवायचं. ती तारीख मी नेहमी सहा-सात दिवस पुढची लिहितो आणि घरच्यांना शेजारी बसवून समजावतो. परतीचं तिकीट जोशीमठला उतरल्यावरच काढतो.

नमस्कार.