पट्टा पडेपर्यंत : सैरभैर मूल आणि शाळेतलं ठरलेलं माणूस

दृश्य : दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची पहिली सकाळ. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. परिपाठाच्या रांगा विरळ.

निवेदन :

दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. गाड्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, नाहीतर थेट बेळगावकडे निघतात. काही लेकरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. काही मागे राहतात : हंगामी वसतिगृहात जेवायचं, आजीकडे झोपायचं. पाच-सहा महिने, दरवर्षी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणजे मुलाची अटॅचमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी जुळलेलं भरवशाचं नातं, बिघडली, असं होत नाही. आजीने जीव लावून सांभाळलेलं लेकरू रडतं, रुसतं आणि सावरतं. अडचण होते ती सांभाळणारे हात सारखे बदलत गेले तर. वर्षभर काकू, मग मावशी, मग आणखी कुणी. किंवा घरात मारझोड असेल, नाहीतर पहिली दोन-तीन वर्षं कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, तोंडाशी एकट्यानेच गेली असतील तर. बालगृहातून शाळेत येणाऱ्या काही मुलांच्या बाबतीतही हेच घडलेलं असतं.

या विषयाचा पाया ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी घातला. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी घरापासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. पुढे रोमानियात, बुखारेस्टमध्ये, संस्थांत वाढणाऱ्या १३६ बाळांचा अभ्यास झाला. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना सांभाळणारं कुटुंब मिळालं, त्यांची नाती जास्त भक्कम जुळली. तिसरीतल्या मुलाचं ते वय केव्हाच उलटलेलं असतं. पण आठवड्याचे सहा दिवस ठरल्या वेळी उघडणारी एक जागा त्याच्या आयुष्यात असते, ती म्हणजे शाळा. तिथे नुसती माया पुरत नाही. नेम लागतो.

दृश्य : वर्ग. एक मुलगी डाव्या हाताचा आडोसा करून वहीत लिहिते आहे. कॅमेरा फक्त हातावर.

या चित्रफितीत एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी करू नये.

ही मुलगी मदत मागत नाही. गणित अडलं की खोडते, पुन्हा खोडते, कागदाला भोक पडेपर्यंत. बाई जवळ गेल्या की वही मिटते. अशा मुलांना ‘गुणी’ म्हणून सोडून दिलं जातं, कारण त्यांचा त्रास कुणालाच नसतो. तिच्या समोर न बसता शेजारी बसा, नजर तिच्याकडे नको, वहीकडे असू द्या. ‘तुला येत नाही का?’ असं विचारू नका. ‘हे गणित जरा अवघडच आहे, पहिली पायरी मी मांडते’ म्हणा आणि उठा. दोन मिनिटं बास.

दुसऱ्या टोकाचं मूल दर मिनिटाला ‘बाई, बाई’ करतं, पदर सोडत नाही. त्याला हाकलून उपयोग नाही; आपण विसरले जाऊ हीच त्याची भीती असते. छोटं काम द्या आणि वेळ सांगा : ‘मोठा काटा चारवर आला की मी येते.’ आणि खरंच जा, त्याने हाक मारायच्या आत. आधी पाच मिनिटांचं अंतर, जमलं की सात, मग दहा. वर्गाबाहेर जाताना आपल्या पेनाचं टोपण त्याच्याकडे सांभाळायला ठेवा. एखाद्या दिवशी तुम्ही वेळ चुकवलीत, तर पुन्हा पाचावर या.

तिसरं मूल उसळतं. बाक ढकलतं, दप्तर भिरकावतं, कधी साध्या ‘शाब्बास’वरही. त्या क्षणी शहाणपणाचं बोलणं कानापर्यंत पोचत नाही. आवाज खाली आणा, अंगाने तिरके उभे राहा, दार अडवू नका, ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका. बाकीच्या मुलांना पटांगणात न्या. शांत झाल्यावर, त्याच दिवशी, बाक दोघांनी मिळून उचलायचा. वर्गाबाहेर उभं करणं इतरांसाठी शिक्षा असेल. या मुलासाठी ते पुन्हा एकदा टाकून दिलं जाणं असतं. मारणं आणि अपमान करणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने कोणत्याच मुलाच्या बाबतीत चालत नाही.

आणि एक मूल असं की पाहुणा आला रे आला, त्याच्या मांडीवर. साहेब खूश होतात, ‘किती लाघवी!’ यात लाघव कमी आणि धोका जास्त. त्याला लांबून नमस्कार करायला आणि मग आपल्या ठरलेल्या माणसाकडे परत यायला शिकवा.

दृश्य : पोषण आहाराची खोली. मावशी तांदूळ निवडताहेत, शेजारी एक मुलगा.

हे ठरलेलं माणूस, म्हणजे मुलाला रोज ठरल्या वेळी भेटणारं शाळेतलं माणूस, या सगळ्या कामाचा कणा. एक मुख्य, एक बदली. दोनशिक्षकी शाळेत बदली माणूस बहुधा खिचडी करणाऱ्या मावशीच असतात, आणि त्या उत्तम असतात. त्या गावच्याच, त्यांची बदली होत नाही. वेळ अशी : परिपाठाआधी पाच मिनिटं, मधल्या सुट्टीनंतर दोन, शाळा सुटताना तीन. एवढंच. सुरुवातीच्या उत्साहात अर्धा तास ठरवला जातो, चार दिवस चालतो आणि केंद्रप्रमुखांच्या बैठकीत बुडतो. पाळलेली पाच मिनिटं परवडली. दुसरी चूक याहून मोठी : ‘आज मस्ती केलीस, आज मावशींकडे जायचं नाही.’ ही वेळ बक्षीस नाही. वाईट दिवशी ती दुप्पट गरजेची असते.

तीन-चार आठवड्यांनी वागणं सुधारायच्या ऐवजी बिघडू शकतं. हे माणूस खरंच टिकतं का, हे मूल तपासून बघतं. नेमके याच सुमारास बरेच शिक्षक नाद सोडतात.

दप्तरात शिळी भाकरी, बिस्किटांचा चुरा सापडला तर झडती घेऊ नका. उपाशी राहिलेलं मूल साठवतंच. त्याच्या नावाचा एक डबा कपाटात ठेवा, त्यात फुटाणे. रिकामा झाला की न विचारता भरायचा.

आता फोन. हंगामी वसतिगृहात ‘रोज सात वाजता आईशी बोलणं’ ठरतं आणि मोडतं, कारण तोडणी पहाटे सुरू होते आणि गाडी भरणं रात्रीपर्यंत लांबतं. फोन लागला नाही की मूल रात्रभर धुमसतं. म्हणून आठवड्यातून दोनच वार ठरवा आणि आईचे दोन-तीन आवाजी निरोप आधीच मागवून ठेवा. फोन लागला नाही तर निरोप ऐकवायचा. ‘आई लवकर येईल’ हे कधीच सांगू नका. ‘कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येईल’ हे खरं आहे. भिंतीवर कॅलेंडर लावा, रोज एक दिवस खोडू द्या, पण येण्याच्या तारखेवर गोल करू नका, हंगाम लांबतो.

शिक्षकाची रजा असेल तर आदल्या दिवशी सांगा : कोण येणार, मी कधी परतणार. सुट्टीआधीच्या आठवड्यात हीच मुलं सर्वांत जास्त बिनसतात. समोरचा सोडून जाण्याआधी आपणच तोडून टाकलेलं बरं, असा तो हिशेब असतो. ‘माझी आई’ हा निबंध आणि लहानपणीचा फोटो आणायचा गृहपाठ यांना पर्याय ठेवा : ‘माझ्या जवळचं माणूस’ चालतं.

निदान मात्र शाळेने करू नये. अटॅचमेंटचे विकार कमी मुलांत आढळतात, आणि ऐकू कमी येणं, स्वमग्नता, अतिचंचलता, नुसती भूकसुद्धा वरून तशीच दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा कान-डोळे तपासून घ्या. पुढचं काम जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं आणि बालमनोविकारतज्ज्ञांचं. मूल मारहाणीबद्दल बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे.

दृश्य : टेबलावर शिक्षण हमी पत्रक आणि शेजारी एक साधा फुलस्केप कागद.

मूल मध्येच फडावर गेलं तर सोबत शिक्षण हमी पत्रक जातं. त्यात इयत्ता येते, वाचनाची पातळी येते. त्याच्या जोडीला मुख्याध्यापकांच्या नावे बंद पाकिटात हा दुसरा कागद द्या : कशाने उसळतं, कशाने शांत होतं, कुठे बसलं की बरं वाटतं, ठरलेलं माणूस कोण होतं आणि त्याचा फोन नंबर. घरची कर्मकहाणी त्यात लिहू नका. नव्या गुरुजींना पहिल्या दिवशी लागतं ते एवढंच.