चप्पल निसटायला लागली तेव्हा

(दृश्य : पलूस तालुक्यातलं जुनं घर, मागचा गोठा)

गोठ्याचं दार बुटकं आहे. ऐन ऊसतोडीत, पहाटे धारेला जाताना आबांच्या कपाळावर चौकट बसली. रक्त आलं नाही, नुसतं टेंगूळ. सुनेनं हळद लावली, चहा दिला आणि आबा रानात गेले. वय सत्तरीपुढचं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी रोज चालू.

दीड महिना काहीच झालं नाही. मग डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल अंगणातच राहायची, आबा अनवाणी पायानं सोप्यात यायचे आणि त्यांना त्याचा पत्ताच नसायचा. डोकं जड, दुपारभर झोप, नातवाला मुलाच्या नावानं हाक. "वय झालं आता," मुलगा म्हणाला. शेजारी म्हणाले, लकवा आहे, झाडपाल्याचं औषध देणारा एक जण आहे, त्याच्याकडं न्या.

(दृश्य : मेंदू आणि कवटीचं रेखाचित्र)

वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मेंदूवरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानंही एखादी फाटते आणि रक्त हळूहळू झिरपतं. आत जागा मोकळी असल्यानं सुरुवातीला दाब जाणवत नाही. पुढे या रक्ताभोवती पातळ पडदा तयार होतो, त्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या येतात आणि त्याही पाझरत राहतात. म्हणून मार विसरून गेल्यावर, तीन आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी, पाय लटपटायला लागतो. डॉक्टर याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात.

(दृश्य : मिरज, दवाखान्यांचा रस्ता)

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं. आजही दुखणं मोठं वाटलं की या भागातली माणसं मिरजेची वाट धरतात. आबांनाही इथंच आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं पडले होते का?" मुलगा म्हणाला, "नाही."

तो खोटं बोलत नव्हता. चौकट लागणं म्हणजे पडणं नव्हे आणि रक्त आलं नाही तर आपल्याकडे त्याला लागलं असं कुणी म्हणतच नाही. दाराशी उभी असलेली सून मात्र म्हणाली, "गोठ्याची चौकट लागली होती की. संक्रांतीच्या आधी."

या एका वाक्याचं मोल फार मोठं आहे. अर्धांगवायू समजून, स्कॅन न करता रक्त पातळ करणारं औषध वाढवलं असतं, तर आतला रक्तस्राव आणखी वाढला असता.

सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आतल्या कडेला उजवीकडे चंद्रकोरीसारखा पट्टा दिसला. ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, जुनं काळपट. हा पट्टा काळपट होता. उजव्या बाजूचा दाब, म्हणून डावा पाय.

ऑपरेशनमध्ये कवटीला एक-दोन छोटी भोकं पाडून साठलेलं रक्त बाहेर काढतात आणि काही काळ आत नळी ठेवतात. ही नळी घरच्यांना बघवत नाही, पण ती हवीच. केंब्रिजमधला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी न ठेवलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांमध्ये पुन्हा रक्त साठलं होतं, नळी ठेवलेल्यांत सुमारे ९ टक्के.

(दृश्य : आबा सुनेच्या आधारानं वॉर्डात चालताना)

आबा दोन्ही चपला घालून चालतायत. रक्त पातळ करायची गोळी सध्या थांबवलीय. ती पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतील. ही गोळी घरच्या घरी बंद करणंही तितकंच धोक्याचं. डोकेदुखी परतली, झोप वाढली, पाय पुन्हा ओढायला लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मिरजेला यायचं, आणि येताना जुनी स्कॅनची फिल्म बरोबर आणायची.